देणगीचे पैसे जातात कुठे? नाशिकच्या देणगीदारांचे नेहमीचे प्रश्न

बँकेतून रिटायर झाल्यावर पंचवटीतल्या एका छोट्या संस्थेचा हिशेब बघायला लागले. म्हटलं आठवड्यातून दोन दिवस जाऊ, आता रोज जाते. संस्था वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते, पेठ तालुक्यात दोन पाड्यांवरपण थोडंसं काम आहे. पावती फाडता फाडता लोक जे जे विचारतात, कधी सरळ, कधी आडून, ते एकदाचं लिहून काढलंय. कायद्याच्या गोष्टी साधारण सगळ्याच संस्थांना लागू आहेत, मतं मात्र माझी स्वतःची, ती संस्थेवर ढकलू नका.

मी १००० रुपये दिले तर त्यातले मुलांपर्यंत किती पोचतात?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. समजा एक अभ्यासिका आहे, ३० मुलं, रोज संध्याकाळी दोन तास. तुमच्या १००० मधले ५२० ताईंच्या मानधनाला गेले, १४० खोलीचं भाडं आणि लाईटबिल, १२० वह्यापुस्तकं, ९० खाऊ, ५० येण्याजाण्याला आणि ८० हिशेब, सीए, बँक, छपाई असल्या गोष्टींना. आता सांगा, मुलांपर्यंत किती पोचले? काहीजण लगेच म्हणतात वह्या आणि खाऊ मिळून २१०. अहो, पण ताई आल्याच नाहीत तर त्या वह्यांचं मुलं विमान करतील! मूल वाचायला शिकलं ते ताईंमुळे, खोलीमुळे, त्या पिवळ्या का होईना पण बल्बमुळे. माझ्या मते त्यातले ९२० सरळ कामाला लागले आणि उरलेले ८० लागले म्हणून ते ९२० कुठे गेले हे मी तुम्हाला सांगू शकते.

पण समाजकार्याला पगार कशाला? सेवा म्हणून करायचं ना?

मी सेवा म्हणूनच करते, कारण मला पेन्शन आहे. ज्या ताई शिकवतात त्यांना नाहीये. त्यांच्या घरी भाडं आहे, गॅस आहे, मुलाची फी आहे, आणि त्या रोज येतात, पावसात येतात, परीक्षेच्या आधी रविवारीपण येतात. स्वयंसेवक कॉलेजची पोरं चांगली असतात, मनापासून करतात, पण सबमिशन आलं की गायब, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. रोजचं काम फुकट होत नाही, फुकट केलं तर ते कुणाच्या तरी घरच्यांच्या जिवावर होतं एवढंच.

ॲडमिन खर्च किती टक्के असला म्हणजे संस्था चांगली?

असा एकच आकडा नाहीये. कायद्यात काही ठिकाणी मर्यादा आहेत, त्याच लोक सगळीकडे लावतात म्हणून गोंधळ होतो. परदेशी देणगीच्या कायद्यात म्हणजे एफसीआरएमध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा आधी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आणली. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चात, कंपनीने स्वतःचा ॲडमिन खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, तो कंपनीचा बरं का, संस्थेचा नाही, पण संस्थेलापण तोच ५ टक्के सांगणारे साहेब मला भेटलेत.

आता आतली गोष्ट सांगते. महाराष्ट्रात ट्रस्टचा जमाखर्च ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो, ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट ९ मध्ये. त्या ९ नंबरमध्ये एक ओळ असते ‘आस्थापना खर्च’ आणि खाली एक गट असतो ‘ट्रस्टच्या उद्देशांवरील खर्च’, त्यात शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत असे भाग. शिकवणाऱ्या ताईंचं मानधन कुठे टाकायचं? आमच्या आधीच्या हिशेबनिसांनी ते वर्षानुवर्षं आस्थापना खर्चात टाकलं होतं, कारण पगार म्हणजे आस्थापना. त्यामुळे कागदावर आमची संस्था अशी दिसायची की सगळे पैसे ऑफिसातच खातात! मी आल्यावर ते शैक्षणिक खर्चात आणलं, काम तेच, माणसं तीच, टक्केवारी एका वर्षात देखणी झाली. म्हणून म्हणते, टक्का बघून संस्था निवडू नका, त्या टक्क्यात काय काय कोंबलंय ते विचारा. अमेरिकेतपण संस्थांना रेटिंग देणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी २०१३ साली देणगीदारांना जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं होतं, की नुसता ओव्हरहेड म्हणजे वरखर्च बघून संस्थेची परीक्षा करू नका.

माझा स्वतःचा संशय उलटीकडून जागा होतो. कुणी ‘आमचा ॲडमिन खर्च शून्य’ म्हटलं की मी सावध होते. ऑडिट फी तरी द्यावीच लागते ना राव, मग ती कुणाच्या खिशातून गेली आणि का?

मी पैसे देत नाही, वस्तू देईन. चालेल?

चालेल, पण आधी फोन करा.

आमच्या खोलीत चार पंखे आहेत, चारही पंख्यांच्या पात्यांवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असं रंगवलेलं आहे, पंखा फिरायला लागला की सगळे आजी-आजोबा एकत्र फिरतात. पंखा देणारे भेटतात हो, पण पंख्याचं लाईटबिल कै. अमुक यांच्या स्मरणार्थ भरणारा मला अजून भेटलेला नाही. कपाटं आली, खोलीत ठेवायला जागा नाही. जूनमध्ये एकाच आठवड्यात वह्या तीन ठिकाणांहून येतात आणि नोव्हेंबरमध्ये पोरांकडे एक कोरं पान नसतं.

आणि जुने कपडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारापर्यंत पाणी, त्याच सुमाराला सांगली-कोल्हापूरकडचंपण सगळं टीव्हीवर चाललेलं. लोकांनी मनापासून दिलं, पण काय दिलं? आमच्या खोलीत छतापर्यंत गाठोडी लागली. निवडायला आम्ही पाचजणी तीन दिवस बसलो, त्यात एक शेरवानी निघाली, एकेक मोजे निघाले, चेन तुटलेल्या पँटी निघाल्या, आणि चांगले जेवढे निघाले त्यांच्या टेम्पोभाड्याला पैसे नव्हते. त्या दिवसांत अभ्यासिका बंद ठेवावी लागली ती वेगळीच. कपडा धुतलेला, बटणं असलेला आणि आपल्या घरच्या माणसाला घालायला देऊ असा असेल तरच द्या.

अजून एक, आयकरातली ८०जीची सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, वस्तूंना नाही. लोक वस्तूची पावती मागतात, ती देतो आम्ही, पण ती टॅक्सला उपयोगाची नाही.

मी ज्या कामासाठी देतोय त्याच कामाला वापरणार ना?

तुम्ही लिहून दिलं असेल तर हो, वापरावेच लागतात. पावतीवर किंवा पत्रात ‘पाड्यावरच्या पाण्याच्या टाकीसाठी’ असं लिहिलं की ते पैसे वेगळे धरायचे, ताईंचं मानधन थकलं तरी त्याला हात लावायचा नाही.

पण माझं ऐकाल तर बांधून देऊ नका, किंवा निम्मे तरी मोकळे द्या. एका वर्षी आमच्याकडे टाकीला गरजेपेक्षा जास्त आले कारण उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन चालतानाचे फोटो सगळीकडे फिरत होते, आणि त्याच वेळी अभ्यासिकेच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं राहिलं होतं. खात्यात पैसे दिसतायत आणि मी घरमालकाला पुढच्या आठवड्यात म्हणतेय. त्यांना वाटलं काकू खोटं बोलतात.

तुमच्या नावावर बँकेत एफडी आहे, मग अजून कशाला मागता?

घ्या, ताळेबंद वाचणारा माणूस भेटला! मला बरं वाटतं असा प्रश्न आला की.

एफडी साधारण दोन कारणांनी असते. एक म्हणजे कॉर्पस, आपण कायम निधी म्हणतो तो. देणगीदाराने लेखी सांगितलेलं असतं की ही रक्कम कायम ठेवा, व्याज तेवढं वापरा. ती रक्कम मोडून खर्च करायची नसते आणि ठेवायची पण कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच, शेअर बाजारात पावणेदुप्पट करायला नाही. दुसरं म्हणजे, आयकराची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्च झालेले दिसले पाहिजेत, उरलेले १५ टक्के कारण न देता ठेवता येतात. त्यापेक्षा जास्त साठवायचे, समजा खोली बांधायचीय, तर काय कामासाठी आणि किती वर्षांसाठी हे फॉर्म भरून आधी कळवावं लागतं, जास्तीत जास्त पाच वर्षं.

चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीला असलेली संस्था मला तरी शहाणी वाटते. लॉकडाऊनमध्ये देणग्या आटल्या तेव्हा ज्यांच्या गाठीला काही नव्हतं त्यांनी आधी माणसं काढली, आणि माणसं गेली की काम परत उभं करायला वर्षं जातात. आपल्या नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, मविप्र ही शिक्षणसंस्था १९१४ पासून, एवढी वर्षं टिकायचं तर नुसतं या महिन्यात आलं ते या महिन्यात उडवलं असं करून नाही चालत.

मात्र एफडी दरवर्षी वाढतेय आणि उद्देशांवरचा खर्च तिथेच आहे असं दिसलं, तर जरूर विचारा.

८०जी म्हणजे निम्मे पैसे परत मिळतात ना?

नाही! हा गैरसमज इतका पक्का बसलाय की काही संस्थाच तसं सांगतात. बहुतेक संस्थांच्या देणगीवर रकमेच्या ५० टक्के तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात, करातून नाही. म्हणजे १००० दिले, ५०० वजा झाले, तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर वाचले १०० आणि वर सेसचे ४, बस. ३० टक्केवाल्यांचे १५६. त्यालाही तुमच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांची वरची मर्यादा आहे. मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या काही निधींना १०० टक्के वजावट आहे, ते वेगळं.

आणि तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०जी मिळतच नाही, आता बरेच जण तिकडेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला, कलमांचे नंबर बदलले, तरी लोक ८०जीच म्हणतात, मीपण तेच म्हणणार.

पावती आहे, तरी सीए म्हणतो सर्टिफिकेट आणा. ते काय असतं?

आधी नुसत्या पावतीवर चालायचं. आता मार्च संपला की ३१ मेपर्यंत संस्थेने सगळ्या देणगीदारांची यादी आयकर खात्याला ऑनलाइन भरायची, ती भरली की प्रत्येकाच्या नावाचं सर्टिफिकेट निघतं, ज्याला आपण आत्तापर्यंत १०बीई म्हणत आलो. यादीत तुमचं नाव, पॅन, रक्कम नसेल तर सवलत अडकते, आणि संस्थेला उशिराचे दिवसाला २०० रुपये बसतात. म्हणून मी पॅन मागते हो, मला तुमच्या पॅनचं काही करायचं नसतं. मे महिन्यात माझ्या फोनवर चाळीसेक लोक असे असतात ज्यांनी जुलैमध्ये जीपे केलं, नाव ‘बाबू०७’ असं काहीतरी, आणि आता म्हणतात मॅडम सर्टिफिकेट पाठवा.

रोख दिले तर?

घेऊ, पावती देऊ. फक्त २००० च्या वर रोख असेल तर ८०जी नाही.

मला गुप्तदान करायचंय, नाव लिहू नका.

बोर्डावर नाही लिहिणार, पावतीवर लिहावं लागेल. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो. ती मर्यादा म्हणजे १ लाख किंवा वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. निव्वळ धार्मिक ट्रस्टना यातून सूट आहे, म्हणून देवळाच्या दानपेटीत टाकलेलं चालतं, आमच्या पेटीत टाकलेलं मोजून ठेवावं लागतं.

संस्था खरी का खोटी, कसं ओळखायचं?

पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर बघा. आपल्याकडे ट्रस्टचा बऱ्याचदा ई नंबर असतो, सोसायटीचा एफ नंबर, पुढे कंसात नाशिक. नंबर मिळाला की धर्मादाय आयुक्तांच्या साईटवर शोधता येतं. आपल्याकडे नाशिकमध्येच सह धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करून, फी भरून कागदांच्या नकला मिळतात. त्यात परिशिष्ट १ चा उतारा मागा, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. कितीतरी संस्थांच्या उताऱ्यावर स्वर्गवासी झालेले विश्वस्त अजून बसलेले असतात, कारण बदल अर्ज कुणी भरलेला नसतो. आळस म्हणून सोडून द्या, पण तोंडी सांगितलेली नावं वेगळी आणि उताऱ्यावरची वेगळी असं असेल तर थांबा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरपण नाव बघता येतं, पण दर्पणवर नाव आहे म्हणजे सरकारने छाती ठोकून सांगितलंय असं समजू नका, ती नोंद आहे फक्त.

आणि खातं संस्थेच्या नावावर आहे का ते क्यूआर स्कॅन केल्यावर दिसतंच. एखाद्या माणसाच्या नावावर पैसे चालले असतील तर ‘सध्या खात्याचा प्रॉब्लेम आहे’ ही गोष्ट ऐकू नका.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागायचा. देतात का, किती दिवसांत देतात, देताना चेहरा कसा होतो, यातच बरंच कळतं.

विश्वस्त पैसे घेतात का?

आमचे नाही घेत. काही ठिकाणी एखादा विश्वस्त डॉक्टर असतो, शिकवणारा असतो आणि कामाचा मोबदला घेतो, घटनेत तशी सोय असेल आणि रक्कम बाजारभावाला धरून असेल तर त्यात गैर नाही. विश्वस्ताच्या मेव्हण्याचं दुकान आणि सगळी खरेदी तिथूनच, भाव चढा, हे मात्र आयकर कायद्यालाही चालत नाही, असं सापडलं तर संस्थेची करसूट धोक्यात येते. परिशिष्ट ९ मध्ये विश्वस्तांच्या मानधनाची वेगळी ओळच असते, बघून घ्या.

सातपूर-अंबडला एवढ्या कंपन्या आहेत, सीएसआर का नाही घेत?

घेतो, मिळाला की. पण सगळ्या कंपन्यांना सीएसआर लागू नसतो. नेट वर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असं ते आहे, २०१४ पासून. संस्थेलाही त्यासाठी वेगळं रजिस्ट्रेशन लागतं.

अडचण अशी की सीएसआरचा पैसा प्रोजेक्टला येतो, हप्त्याने येतो, आणि एक वर्षाचा येतो. फेब्रुवारीपर्यंत कुणी फोन उचलत नाही आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोन येतो की एवढी रक्कम आहे, ३१ पर्यंत खर्च दाखवता येईल का. मुलं काय मार्चमध्ये दुप्पट वेगाने वाचायला शिकणार आहेत? मग काय होतं, टॅब येतात, बेंच येतात, बोर्ड लागतो, फोटो निघतात. आमच्याकडे महिन्याला ३०० रुपये देणारे रिक्षावाले भाऊ आहेत, सहा वर्षं झाली, एक महिना चुकला नाही. वर्षाचं नियोजन मी त्यांच्या भरवशावर करते.

माझा भाचा अमेरिकेत आहे, तो पाठवेल का?

पासपोर्ट कुठला आहे? भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले, नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचा नागरिक झाला असेल, मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तर ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला एक डॉलरपण घेता येत नाही. ज्यांच्याकडे नोंदणी आहे त्यांनापण असे पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि तिथून दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. त्यामुळे ‘मोठ्या संस्थेला देतो, ते तुम्हाला देतील’ हा रस्ताही २०२० पासून बंद.

गणपतीची वर्गणी, सिंहस्थातलं अन्नदान, यांचा हिशेब मागता येतो का?

येतो की. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची असते, ४१सी म्हणतात तिला. परवानगी बघायला मागा, नाशिक ढोलाचा आवाज थोडा कमी होईपर्यंत थांबावं लागेल एवढंच. सिंहस्थ आला की रामकुंडापासून गल्लीपर्यंत अन्नदानाची पावतीपुस्तकं फिरणार, तेव्हा नंबर नसलेली, नुसता फोटो छापलेली पावती घेऊ नका.

धर्मादाय हॉस्पिटलमध्ये माझ्या देणगीतून गरिबाचं बिल भरतात का?

ते बरंचसं देणगीवर अवलंबून नसतं. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. ओळखीत कुणी ॲडमिट असेल तर बिल झाल्यावर नाही, भरती होतानाच रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा.

ज्या मुलाला माझ्या पैशातून मदत झाली त्याचा फोटो पाठवाल का?

खोलीचा पाठवते, वहीचा पाठवते, ताईंना विचारून त्यांचा पाठवते. मुलाचा हातात पाकीट घेतलेला नाही पाठवत. यावरून दोन देणगीदार गेले, गेले तर गेले.

संस्थेत गडबड आहे असं वाटलं तर?

आधी लेखी विचारा, तोंडी नको. उत्तर नाही आलं तर सह धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो, त्यांना चौकशीचे, हिशेब मागवायचे अधिकार आहेत. वेळ लागतो, तारखा पडतात. व्हॉट्सॲपवर बदनामी करणं झटपट होतं पण त्यात खरीखुरी संस्थापण मरते.

तुमचा हिशेब बघायला येऊ का?

या ना. सोमवार ते शनिवार, चारनंतर, फक्त मे महिन्यात नको. फाईल टेबलावरच असते, व्हाउचर कुठलंही काढून बघा. चहा मिळेल, तो व्हाउचरवर सापडणार नाही, डबा मी घरून आणते.